पूर्वेकडची रिंग

१

"नीला, घात झाला गं. पूर्वेकडची रिंग दोन इंच खाली आलीय. हॉलमधली टेप तुटलीय. तुझी टेप घेऊन लगेच ये."

अर्जुनरावांचा आवाज इतका हळू होता, की नीला ओव्हाळला आधी वाटलं, आपण अजून झोपेतच आहोत. सव्वासहा वाजले होते. कासारवाडीच्या तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीबाहेर जग उरलंच नव्हतं. जानेवारीचं धुकं पवनेवरून उठून घराघरांत शिरलं होतं, आणि त्या पांढऱ्या पडद्याआड कुठेतरी पहिल्या पाळीच्या बसचा हॉर्न वाजत होता.

नीला चाकणला गेज, म्हणजे मापं तपासायची साधनं, बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर होती. पोलादाचा तुकडा हातात घ्यायचा आणि तो मापात आहे की नाही ते सांगायचं, एवढंच तिचं काम. गेले सहा दिवस मात्र तिने रजा टाकली होती. आठ देशांचे पुरुष संघ बास्केटबॉल खेळायला चिंचवडच्या हॉलमध्ये आले होते, आणि नीला टाइमकीपरच्या खुर्चीवर बसत होती. त्या खुर्चीपर्यंत तिला तिचे बास्केटबॉलचे प्रशिक्षक अर्जुनराव यांनीच पोचवलं होतं. तिचे वडील भीमराज पिंपरीच्या कारखान्यात तिन्ही पाळ्या करायचे. ते कामावर असताना नऊ वर्षांची नीला मैदानाच्या जाळीला नाक लावून खेळ बघत उभी असायची. एके दिवशी अर्जुनरावांनी फाटक उघडलं आणि म्हणाले, "बाहेरून काय बघतेस? आत ये." त्याला आता एकोणतीस वर्षं झाली होती.

स्कूटर काढताना तिच्या डोळ्यांसमोर कालचा सामना पुन्हा उभा राहिला. भारत विरुद्ध मंगोलिया, उपांत्यपूर्व फेरी. मंगोलिया अठ्ठ्याहत्तर, भारत सत्त्याहत्तर. चार सेकंद बाकी. पूर्वेकडच्या रिंगसमोर पिंपळे गुरवचा विक्की, सहा फूट पाच इंच उंच, हातात बॉल, दोन फ्री थ्रो. एक गेला असता तर बरोबरी, दोन्ही गेले असते तर विजय. चार हजार माणसं श्वास रोखून बसली होती. दोन्ही बॉल रिंगच्या पुढच्या कडेवर आपटले, ठण्ण आणि पुन्हा ठण्ण, आणि परत विक्कीच्याच दिशेने उसळले. मग नीलाच्या हाताखालचा हूटर वाजला.

आज कोणी म्हणत होतं, की ती रिंगच खोटी होती.

२

हॉलमध्ये उंच काचांतून धुक्याचा उजेड झिरपत होता. लाकडी कोर्ट शांत तळ्यासारखं पसरलं होतं, आणि त्याच्या काठावर चार-पाच माणसं उभी होती.

अर्जुनराव सर्वांत मागे होते, मफलर गुंडाळून. सत्तरीचे, पण पाठ अजून ताठ. त्यांच्या शेजारी आयोजन समितीचे अध्यक्ष नानासाहेब, फोनवर फोन घेत. रिंगखाली कासारवाडीचा गॅरेजवाला शफी, ज्याच्याकडे बोर्ड आणि स्टँडची देखभाल होती. दाराशी झाडू धरून विमलबाई. हॉलची झाडलोट आणि किल्ल्या त्यांच्याकडे. आणि या सर्वांच्या मधोमध स्पर्धेचे तांत्रिक आयुक्त, श्रीलंकेचे रणसिंघे, सडपातळ आणि मितभाषी.

रणसिंघेंच्या हातात रिंग तपासायची काठी होती. तीनशे पाच सेंटीमीटरला कापलेली अॅल्युमिनियमची नळी, वरच्या टोकाला आडवी पट्टी. त्या काठीवर आकडे नव्हते, खुणा नव्हत्या. पट्टी रिंगवर बसली आणि बूड जमिनीला टेकलं, की उंची बरोबर. आज बूड टेकलं होतं, पण वर पट्टी आणि रिंग यांच्यामध्ये उजेडाची एक फट दिसत होती.

नीला शिडीवर चढली. तिने टेप सोडली, पुन्हा गुंडाळली, पुन्हा सोडली. तीनदा मोजल्याशिवाय आकडा सांगायचा नाही, ही तिची सवय.

"एक्कावन्न मिलिमीटर खाली," ती म्हणाली. "पश्चिमेची रिंग?"

"ती बरोबर आहे. काठी लावून पाहिली," रणसिंघे इंग्रजीत म्हणाले.

नानासाहेबांनी फोन खिशात टाकला. "झालं तर मग! रिंग खोटी तर निकालही खोटा. सामना पुन्हा खेळवा. आमच्या पोरावर अन्याय झालाय."

"मंगोलियानेही पूर्वार्धात याच रिंगवर खेळ केला," रणसिंघे शांतपणे म्हणाले. "पण ते राहू द्या. ही रिंग सामन्याआधी खाली आली असेल, तर मला निकाल रद्द करावा लागेल. नंतर आली असेल, तर निकाल कायम. बाराला मंगोलिया आणि जॉर्डनचा उपांत्य सामना आहे. अकरापर्यंत मला निर्णय द्यायचाय."

"यात कसला निर्णय? मशीनची देखभाल कोणाकडे?" नानासाहेबांनी शफीकडे बोट केलं. "हँडल कोणाच्या ताब्यात? काल सकाळी रिंग याने लावली. चूक याची."

शफीचा चेहरा लाल झाला. "नानासाहेब, माझ्या हातून काम बिघडलं तर मी स्वतः सांगतो. काल सकाळी साहेबांच्या समोर काठी लावली होती. बरोबर होती."

"मग रिंग काय स्वप्नात खाली उतरली?"

नानासाहेबांनी पुढे होऊन शफीच्या गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं. "तोवर गेटबाहेर थांब."

शफीने एकदा अर्जुनरावांकडे पाहिलं. अर्जुनराव कोर्टाकडे बघत होते.

रणसिंघेंनी नीलाला बाजूला बोलावलं. "काल चार सेकंद बाकी असताना तुम्ही घड्याळ थांबवलंत. मी नंतर व्हिडिओवर पाहिलं. आपला संघ मागे असतानाही तुम्ही एक दशांश सेकंद जास्त दिला नाहीत. तुम्हीच शोधा. केव्हा आणि कोणी."

३

सगळे चहाला गेले. रिकाम्या हॉलमध्ये नीला एकटी उरली आणि तिला कोर्टवर बॉल आपटल्याचे आवाज ऐकू यायला लागले, कालचे, परवाचे, तीस वर्षांपूर्वीचे. तिने डोळे मिटून घेतले. गेज हातात घेण्याआधी ती नेहमीच क्षणभर डोळे मिटायची.

मग ती स्टँडभोवती फिरली. खांब दोन नळ्यांचा, जाड नळीत बारीक नळी. मागच्या बाजूला हँडल लावून फिरवलं की आतला स्क्रू फिरतो आणि बारीक नळी बोर्डासकट वरखाली होते. हँडल स्टोअरमध्ये खिळ्याला टांगलेलं असतं. ते कोणीही घेऊ शकतं.

खांबावर 'उपांत्य फेरी' अशी अक्षरं छापलेली एक उभी पट्टी चिकटवलेली होती, वरच्या नळीपासून खालच्या नळीपर्यंत. नीलाने तिच्यावरून बोट फिरवलं आणि थबकली. दोन नळ्या जिथे मिळतात तिथे पट्टीला घड्या पडल्या होत्या, पेटीच्या भात्यासारख्या. कोणीतरी त्या तळहाताने दाबून सपाट करायचा प्रयत्न केला होता.

ती धावत पश्चिमेच्या खांबाकडे गेली. तिथली पट्टी नव्या कोऱ्या पाटीसारखी सरळ होती.

ही पट्टी काल तिच्या डोळ्यांदेखत लागली होती. सामना संपला, स्कोअरशीटवर सह्या झाल्या, आणि सातच्या सुमारास दोन पोरं रोल घेऊन आली. पूर्वेच्या पट्टीचं खालचं टोक नीलानेच धरलं होतं. तेव्हा ती ताणून, सरळ बसली होती. रिंग आधीच खाली असती तर पट्टी सरळच राहिली असती. घड्या पडल्या, म्हणजे पट्टी चिकटल्यावर नळी खाली सरकली.

रिंग सामन्यानंतर खाली आणली गेली होती.

म्हणजे कालचा निकाल खरा होता. भारत खरोखरच हरला होता. हातात पुरावा आला की नीलाला नेहमी हायसं वाटायचं. आज वाटलं नाही.

आणि आता दुसरा प्रश्न अधिकच टोचू लागला. सामना संपल्यावर रिंग खाली आणून कोणाला काय मिळणार होतं?

४

शफी गेटबाहेर कठड्याला टेकून उभा होता. संघांच्या बसेस येत होत्या, आणि येणारा-जाणारा त्याच्या रिकाम्या गळ्याकडे बघत होता. बातमी धुक्याआधी पसरली होती.

"शफीभाई, हा स्क्रू आपोआप उतरू शकतो?"

"नाही ताई. तेलाचा जॅक असता तर गळून बसला असता. हा स्क्रू आहे. माणसाने फिरवल्याशिवाय केसभर हलत नाही." तो क्षणभर थांबला. "हे सांगून मी माझाच गळा आवळतोय, कळतंय मला. पण जे आहे ते आहे."

"आज तुम्ही कधी आलात?"

"सहाला. बोर्डाच्या काचा पुसायला. तेव्हा अर्जुनराव सर आत होतेच. विक्की बाहेर पायरीवर बसला होता. मी विचारलं, आत येतोस का? म्हणाला, नको."

"विक्की आत गेलाच नाही?"

"माझ्यासमोर तरी नाही. त्याआधीचं विमलबाईंना विचारा."

नीला परत फिरली. तिच्या डोक्यात आता चार माणसं होती. शफी, ज्याने स्वतःविरुद्धच साक्ष दिली. विक्की, ज्याचे दोन थ्रो चुकले. विमलबाई आणि अर्जुनराव, ज्यांच्याकडे हॉलच्या किल्ल्या. नानासाहेबांना सामना पुन्हा व्हायला हवा होता, पण ते काल पाहुण्यांना घेऊन लोणावळ्याला मुक्कामी होते आणि आज सातनंतरच परतले.

व्हरांड्यात ती थांबली. ठण्ण आणि पुन्हा ठण्ण. रिंगची पुढची कड.

रिंग खाली असेल तर नेहमीच्या ताकदीने टाकलेला बॉल लांब जातो, मागच्या कडेवर आपटतो. विक्कीचे दोन्ही बॉल आखूड पडले होते. ते चुकले रिंगमुळे, असं दाखवायचं असेल तर रिंग वर न्यायला हवी होती, खाली नाही. खेळ समजणारा कोणीही हे झोपेत सांगेल. अर्जुनराव सांगतील, विक्की सांगेल, वीस वर्षं रिंगा लावणारा शफीही सांगेल.

म्हणजे ज्याने हे केलं त्याला रिंग 'बिघडवायची' होती, पण कोणत्या बाजूला ते ठाऊक नव्हतं. ज्याला खेळ कळत नाही आणि ज्याचा विक्कीवर जीव आहे, असा माणूस.

दाराशी झाडूचा खरखर आवाज येत होता.

५

विमलबाई मूळच्या चिंचवड गावठाणातल्या. विक्की दहा वर्षांचा असल्यापासून त्याच्यासाठी त्या पहाटे हॉल उघडायच्या, आणि पदराखालून आणलेली भाकरी त्याच्या हातावर ठेवायच्या.

"विमलबाई, विक्की काल जेवला का हो?"

"न्हाई ना. त्येची आई सांगत व्हती. पोरगं भिताडाकडं तोंड करून निजलं. आज पाचला मी दार उघडाय आले तर हितंच पायरीवर बसल्यालं. च्या दिला तर कप नुसता हातात धरून ठिवला. थंड झाला."

"आत नाही आला?"

"आत बघायचंच न्हाई म्हनला."

नीलाने आवाज आणखी मऊ केला. "तुम्हाला फार वाईट वाटलं असेल. वाटलं असेल, पोराचा दोष नव्हता असं कसंतरी दिसावं..."

विमलबाईंचा झाडू थांबला. त्या नीलाकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. कोणीतरी घरातल्या माणसाने दारातूनच हाकलून द्यावं तसं काहीतरी होतं.

"म्हंजी त्ये मी क्येलं म्हनतीस? व्हय गं?" त्या पायरीवर बसल्या. "नीला, मला त्या लोखंडातलं काय कळतंय? आन् वाईट तर सगळ्यास्नी वाटलं. सर तर माझ्या पाठोपाठ सव्वापाचला आलं, डोळं सुजल्यालं. मी म्हनलं च्या घ्या, तर न्हाई म्हनलं. आत जाऊन दार लोटून घेतलं."

नीला त्यांच्या शेजारी बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि माफी मागितली. विमलबाईंनी हात काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

ती उठून पुन्हा गेटकडे गेली. अंदाज चुकला असेल तर माप पुन्हा घ्यायचं. "शफीभाई, एक सांगा. ती रिंग वर नेता आली असती का? तीनशे पाचच्या वर?"

"नाही. वर जागाच नाही. कोणी चुकून वर नेऊ नये म्हणून मीच आत पिन ठोकलीय. हलवायची तर फक्त खालीच हलवता येते."

"आणि किती फेऱ्यांत किती उतरते?"

"जुना स्क्रू आहे, इंचाचा. चार फेऱ्यांना एक इंच. जे झालंय त्यावरून आठ फेऱ्या फिरवल्यात कोणीतरी. मोजून."

नीला जागच्या जागी उभी राहिली. म्हणजे तिचा सगळा तर्क उलटला होता. ज्याला खेळ कळतो त्यालाही दुसरा मार्गच नव्हता. रिंग वर नेता येत नाही, म्हणून खाली नेली. कोणी बारीक विचार करणार नाही, रिंग चुकीची आहे एवढंच लोक लक्षात ठेवतील, असा त्याचा हिशेब.

आठ फेऱ्या. दोन इंच.

"शफीभाई, सकाळी मी मोजायच्या आधी तुम्हाला ती फट किती वाटली होती?"

"खालून? चार बोटं असेल."

तिने धापा टाकत रणसिंघेंना गाठलं आणि तोच प्रश्न विचारला. ते थोडा विचार करून म्हणाले, "एक इंच? जमिनीवरून नेमकं सांगता येत नाही. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

ती काठी हो किंवा नाही एवढंच सांगते. किती, ते कधीच सांगत नाही. नीलाचं सगळं आयुष्य अशा गेजांमध्ये गेलं होतं. आणि टेप तर तिच्या बॅगेत, कासारवाडीला होती.

मग सव्वासहाला, टेप यायच्या आधी, दोन इंच हा आकडा फोनवर कोणी उच्चारला होता?

६

अर्जुनराव प्रेक्षकांच्या सर्वांत वरच्या रांगेत बसले होते. धुकं विरत चाललं होतं. उंच काचांतून ऊन तिरपं उतरून कोर्टवर पडलं होतं, आणि त्यात धुळीचे कण बॉल हवेत असताना वेळ थांबतो तसे तरंगत होते.

नीला दोन पायऱ्या खाली बसली. तिला त्यांच्याकडे बघायचं नव्हतं.

"सर, सकाळी तुम्ही फोनवर म्हणालात, दोन इंच."

खाली रिंगची सावली लाकडावर लांबट पडली होती.

"अंदाजाने म्हणालो असेन."

"तुम्ही अंदाजाने कधी बोलत नाही, सर. मी आठवीत असताना तुम्ही माझ्याकडून फ्री थ्रोची रेघ तीनदा मोजून घेतली होती."

ते हसले. ते हसू चेहऱ्यावर फार वेळ टिकलं नाही.

"मलाच वाटत होतं, तू ओळखशील. तरी बोलावलं तुलाच. दुसऱ्या कोणाचा नंबर बोटांना आठवलाच नाही." त्यांनी मफलर सोडला. "काल सामना संपल्यावर विक्की आत आला. रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं. बूट काढले आणि माझ्या हातात दिले. म्हणाला, सर, हे ठेवा. मी आता बॉलला हात लावणार नाही. बावीस वर्षांचा पोरगा गं. मी चाळीस वर्षं पोरं घडवली. त्यातली किती अशीच एका चुकीवर घरी बसली, ते मला ठाऊक आहे. रात्रभर ते बूट उशाशी होते. पहाटे वाटलं, त्याला एवढंच कळलं पाहिजे की दोष त्याचा नव्हता. सामना रद्द व्हावा असं मनात नव्हतं. तेवढा पुढचा विचारच केला नाही. त्याच्या मनात एक शंका ठेवायची होती. तेवढी पुरली असती त्याला."

"आणि शफीभाई?"

अर्जुनरावांनी मान खाली घातली. वरच्या काचेतून गेट दिसत होतं, आणि कठड्याला टेकलेला माणूसही.

"मला वाटलं होतं, मशीनचं नाव पुढे येईल. मशीनमागे कोणीतरी माणूस असतो, हे..." त्यांनी मफलर हातात गुंडाळला. "नानासाहेबांनी त्याचं कार्ड काढलं तेव्हाच मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही. आयुष्यात असं पहिल्यांदा झालं."

साडेदहा वाजले होते. खाली जॉर्डनचे खेळाडू सरावाला उतरत होते, आणि एकेक करून बॉलचे आवाज हॉल भरू लागले.

"तू आयुक्तांना काय सांगणार?" त्यांनी विचारलं. त्यात विनवणी नव्हती. परीक्षेत पेपर काढणारा विचारतो तसं विचारलं.

"जे मोजलं ते, सर. रिंग सामन्यानंतर खाली आली. निकाल कायम. हे मी आत्ता जाऊन सांगणार." तिने टेप मुठीत धरली. "कोणी, ते मी अकराला सांगेन. त्याच्या आधी तुम्ही सांगितलंत तर..."

अर्जुनराव उठले. गुडघ्यावर हात ठेवून, एकेक पायरी करत ते खाली उतरू लागले. नीलाला धावत जाऊन त्यांचा दंड धरावासा वाटला. ती बसून राहिली.

७

आयुक्तांच्या खोलीत अर्जुनराव उभ्यानेच बोलले. पाच मिनिटंही लागली नाहीत. नानासाहेब मध्ये काहीतरी म्हणाले, रणसिंघेंनी हात वर केला आणि ते गप्प झाले.

"निकाल कायम राहील," रणसिंघे शेवटी म्हणाले. "मंगोलिया बाराला खेळेल. अर्जुनराव, तुमचं कार्ड मला द्यावं लागेल. स्पर्धा संपेपर्यंत तुम्ही या हॉलमध्ये येऊ शकणार नाही. तुमच्या संघटनेला मी लेखी कळवेन." मग ते नानासाहेबांकडे वळले. "आणि गेटवरच्या त्या माणसाचं कार्ड तुम्ही स्वतः नेऊन द्या. आत्ता."

दार लोटून विक्की आत आला. दाराबाहेरून त्याने सगळं ऐकलं होतं. दोन दिवसांची दाढी, डोळे खोल गेलेले. त्या छोट्या खोलीत तो छताला टेकल्यासारखा वाटत होता.

"सर, हे तुम्ही माझ्यासाठी केलं?"

अर्जुनरावांनी हो म्हणून मान हलवली.

"सर, बॉल हातातून सुटतानाच मला कळलं होतं, आखूड आहे. दोन्ही वेळा. पाय संपले होते माझे. गुडघे वाकलेच नाहीत." त्याने दोन्ही हात पुढे केले, जणू ते थ्रो अजून बोटांवर होते. "मला एक वेळ हरलेलं चालेल सर. पण रिंग खोटी होती म्हणून हरलो, असं आयुष्यभर सांगत फिरलो असतो ना, तर मी कधीच खेळलो नसतो. काय दुरुस्त करायचं तेच कळलं नसतं."

"तू बूट दिलेस म्हणून..."

"काल दिले. काल कोणीही काहीही देतं." विक्कीने खोलीत नजर फिरवली. "कुठे आहेत? चारला आमची पाचव्या ते आठव्या जागेसाठीची मॅच आहे."

अर्जुनरावांच्या पिशवीत ते बूट होते, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. विक्कीने ते घेतले, वाकून त्यांच्या पायांना हात लावला, आणि निघून गेला. त्याने माफ केलं की नाही, ते नीलाला कळलं नाही. बहुधा त्यालाही कळलं नसावं.

नीला अर्जुनरावांबरोबर गेटपर्यंत चालत आली. बाहेर आता लख्ख ऊन होतं, रस्त्यावर चाकणकडे जाणाऱ्या ट्रेलरची रांग लागली होती, सकाळचं ते पांढरं जग कुठे होतं कोण जाणे. व्हरांड्यात विमलबाईंनी त्यांना जाताना पाहिलं आणि पदराचं टोक तोंडावर धरलं.

शफीच्या गळ्यात कार्ड परत आलं होतं. त्याने आत जाऊन रिंग पिनपर्यंत वर नेली होती, काठी लावून रणसिंघेंची सही घेतली होती, आणि तो हात पुसत पुन्हा बाहेर आला होता.

अर्जुनराव त्याच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. "शफी, तुझं नाव पुढे आलं, आणि मी गप्प बसलो."

शफीने फडकं घडी करून खिशात ठेवलं. त्याला घाई नव्हती.

"चार तास सर. चार तास मी इथे उभा होतो. माझ्या मोहल्ल्यातली माणसं शाळेत पोरं सोडायला इथूनच गेली. सगळ्यांनी बघितलं. माझ्या बायकोचा, फरीदाचा, फोन आला, घरी कोणीतरी सांगितलं, शफीला पकडलं."

अर्जुनरावांचे जोडलेले हात तसेच राहिले.

"माफ केलं असं आत्ता नाही म्हणत मी. तोंडदेखलं बोलायला जमत नाही मला." शफी रस्त्याकडे बघत म्हणाला. मग त्याने आपली स्कूटर स्टँडवरून काढली आणि सीटवर हात मारून धूळ झटकली. "पण तुमच्या पिंपळे गुरवची बस आता तासभर यायची नाही, आणि तुम्ही सकाळपासून काही खाल्लेलं नाही, विमलबाई सांगत होत्या. बसा. आधी माझ्या घरी चला. फरीदाला काय झालं ते तुमच्या तोंडानेच सांगा. मग तिने केलेलं जेवा, आणि मग सोडतो."

अर्जुनराव बसले. म्हाताऱ्या हातांना हेल्मेटचा पट्टा लागेना, तेव्हा शफीने मागे वळून तो लावून दिला.

आत बाराच्या सामन्याची घोषणा झाली होती. नीलाला खुर्चीवर जायचं होतं. तरीही ट्रेलरच्या रांगेतून वाट काढत ती स्कूटर कासारवाडीच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती उन्हात उभी राहिली.